बेचाळीसच्या पुढे

सव्वीस जानेवारी सोमवारी आली
म्हणून वेणूचा पुण्याहून फोन:
"तीन दिवस येतोय. गाद्या उन्हात टाका."

हे घर काही वाडवडिलांचं नाही.
टॉवेलच्या कारखान्यात छत्तीस वर्षं उभा राहिलो,
त्या पायांचे पैसे एकदम हातात आले
आणि मार्डीच्या अलीकडे अर्धा एकर काळी घेतली.
दोन खोल्या, वर पत्रा.
ज्वारी पेरतो बिभीषण.
मी बांधावर खुर्ची टाकून विचारतो,
हे काय, ते काय.
तो सांगतो.
पुढच्या वर्षी मी पुन्हा तेच विचारतो.

लास्या सहा वर्षांची.
गाडीतून उतरली ती बूट हातात घेऊन.
जमिनीला भेगा पडलेल्या, हात जाईल एवढ्या.
एका भेगेत तोंड घालून तिने हाक मारली:
"कोण आहे का?"
मग उत्तराची वाट बघत बसली,
बराच वेळ, शहाण्यासारखी.

वेणू पाण्याच्या टाकीवर चढून रेंज शोधत होता.
सुप्रजा दुपारी जेवून आडवी झाली ती दिवेलागणीला उठली,
लाजली.
अनसूयाने तोवर एक भांडंसुद्धा वाजू दिलं नव्हतं.

संध्याकाळी बिभीषणने आगटी पेटवली.
गुळभेंडीची कणसं राखेतून काढून
तळहातावर चोळली, फुंकर मारली,
हिरवे दाणे लास्याच्या ओंजळीत.
मला ते अजून जमत नाही.
माझ्या तळहाताला सुताची सवय,
दाणे निम्मे मातीत जातात.
"ताता, तुला येत नाही?" ती म्हणाली
आणि माझ्या वाट्याचं चोळायला बसली.
बोटं भाजली, तोंड काळं झालं,
शेंगाचटणीने डोळ्यांत पाणी,
तरी उठेना.

रात्री सगळे झोपले.
पत्रा गार पडताना एकदा कडाडला, मग काही नाही.
माझ्या कानाशी:
"ताता, आवाज कोणी बंद केला?"

काय सांगू तिला?
चार वर्षं झाली, मला इथे धड झोप लागत नाही.
बोललो नाही कोणाला. अनसूयालासुद्धा.
ज्याला त्याला सांगत फिरलो ना,
शांतता बघायला या, शांतता!
अशोक चौकातल्या घरी भिंतीपलीकडे माग होते,
लहानपणापासून त्यांच्या ठोक्यावर झोपलो.
लग्नाच्या रात्रीही पलीकडे पाळी चालू होती.
तिथे वीज गेली की गल्लीतली तान्ही पोरं
दचकून उठायची.

तिच्याकडे पुण्यात खाली हायवे आहे.

मग उशाच्या पत्र्याच्या पेटीवर
बोटांच्या पेरांनी, हळू,
खट-खटाक, खट-खटाक,
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.
"हे काय?"
"टॉवेल होतोय. तुझ्या मापाचा."
"किती झाला?"
"गुडघ्यापर्यंत."
पुढे तिने विचारलं नाही.
मी मात्र वाजवत राहिलो, खांद्यापर्यंत तरी
व्हायला हवा होता.

सोमवारी झेंडावंदन शाळेत,
बिभीषणच्या पोराबरोबर ती पुढच्या रांगेत
राष्ट्रगीत त्याच्यापेक्षा मोठ्याने.
दुपारी डिकीत कडक भाकरी, चटणी, हुरड्याची पिशवी,
आणि एक मातीचं ढेकूळ,
जे सुप्रजाने दोनदा काढलं, लास्याने तीनदा ठेवलं.
गाडी गेली. धूळ खाली बसायला
वेळ लागतो इकडे.

गादी गुंडाळताना पेटीमागच्या भिंतीवर
कोळशाच्या रेघा दिसल्या.
आगटीतला तुकडा खिशातून आणला असणार.
रेघा वाकड्या, काही दोनदा मारलेल्या,
आणि खाली अक्षर, पाय मोडलेलं:
फॉर्टी वन परयंत मी मोजले
पुडचे तू

अनसूया म्हणाली, चुना मारून घेऊ.
मी म्हटलं, बघू.

रात्री पेटीवर बोटं ठेवली.
कारखान्यात आम्ही तेलुगूत मोजायचो,
तेच आलं तोंडात:
नलभै रेंडु.
अंधारातून अनसूया म्हणाली,
"जरा जोरात वाजवा.
मलाही ऐकू येऊ द्या."