शेजारधर्म

कील, फेब्रुवारी. तळघरातली प्रयोगशाळा.
एकतीस वर्षं हे पंप मीच चालू करते,
तेल मीच बदलते, काचा मीच पुसते.
शोधनिबंधांत माझं नाव शेवटी, आभारांत,
तेही एकदा चुकीचं छापलेलं.

पोलादी डब्यात हवा जवळजवळ नाही.
चिमूटभर आरगॉन, मग वीज,
आणि आत जांभळट उजेड धरतो.
वर मिठाच्या डबीसारखी डबी. एक टिचकी.
धूळ पडते
आणि पडायची थांबते.

नवा विद्यार्थी इथे हटकून गप्प होतो.
यंदाचा योस्ट. डोळे काचेला लागलेले.
लेझरच्या पातळ पात्यात कण न् कण दिसतोय,
अधांतरी, अर्ध्या मिलिमीटरवर दुसरा.
प्रत्येक जण हजारो इलेक्ट्रॉन उराशी घेऊन बसलेला,
सगळे ऋण,
प्रत्येकाला प्रत्येक नकोसा.

‘मग पळून का जात नाहीत?’
कुठे जाणार? भिंतही ऋणच आहे.

सूर्यातही हेच असतं रे, मी सांगते,
विजेत, खानावळीच्या दारावरच्या निऑनमध्येही.
पण तिथे कण इतके तापलेले, इतक्या घाईत,
की शेजाऱ्याकडे मान वळवायला सवड नाही.
लाट उठते ती हजारोंची मिळून,
कुणा एकाचा धक्का कुणा एकाला कळत नाही.
इथे उलट. धग कमी, ढकल जास्त.
धगीच्या दीडशेपट, दोनशेपट ढकल झाली
की नाइलाजाने म्हण, समजुतीने म्हण,
षट्कोन.
विझत आलेल्या पांढऱ्या ताऱ्यांच्या पोटीही म्हणे
असंच काही गोठत जातं.
मी पाहिलेलं नाही. मी हे पाहिलंय.

खाडीपलीकडे, आमच्या लाबोएत,
मोम्मे गेला तेव्हा घरी कुणी आलं नाही.
आमच्याकडे येत नाहीत.
तिसऱ्या दिवशी मात्र कचऱ्याचा डबा
आपसूक रस्त्यावर उभा,
आणि बर्फ ओढलेलं, पायरीपर्यंत,
पायरी सोडून.
डेटलेफसेनला विचारलं असतं तर म्हणाला असता, वारा होता.
गायनमंडळात मोम्मेची खुर्ची तशीच राहिली.
दोन्हीकडचे खर्जातले म्हातारे
तिच्याकडे जरा कलून बसायचे,
आणि त्यांच्या मागचे त्यांच्याकडे,
आणि सगळ्यात मागे, दाराशी, ऑर्गनवाली इंगेबोर्ग
सूर किंचित उशिरा धरायची.

ऋणाभोवती धन जमतं, एक पातळ पांघरूण,
दोन पावलांवरून आतलं काही कळत नाही.
पुस्तकात त्याला म्हणतात उदासीन.
हा शब्द ज्याने ठेवला
तो दोन पावलांवर उभा असणार.

‘वीबके, हे बघ. इथे एक कमी आहे.’

असतो कधी कधी. मध्येच एक भोक.
भोवतीचे सहा आत झुकलेले,
त्यांच्याभोवतीचे बारा थोडे कमी,
आठव्या रांगेतही, मोजलंस तर, केसभर.
मग एक जण उडी मारतो, रिकामी जागा भरतो,
आणि स्वतःची रिकामी सोडतो.
भोक बुजत नाही. भोक चालतं.
योस्ट वहीत खुणा करत राहिला:
डावीकडे, डावीकडे, वर, पुन्हा डावीकडे.
अर्ध्या तासात ते काठाशी पोचलं
आणि नेमकं कुठे संपलं
ते दोघांनाही सांगता आलं नाही.

आठ वाजले. शेवटची बस साडेआठची.
वीज मीच काढली.
उजेड गेल्यावर एकमेकांना धरायला काहीच नव्हतं,
जो तो आपल्या खाली पडला, सरळ,
कसलाही आवाज न होता.

किल्ल्या मी टेबलावर ठेवल्या, पंपाच्या, तळघराच्या,
आणि ती एक, जिचं कुलूप कधीच सापडलं नाही.
योस्टने माझा कोट खुंटीवरून काढून
खुर्चीच्या पाठीवर टाकला, माझ्या हातात दिला नाही.
बाजूला झाला. हातभर.
‘मॉइन,’ म्हणाला.
मीही म्हणाले.