सव्वा मूठ

केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही.
रॉकेलनं नाही, लिंबानं नाही.
म्हणून कामाचा शर्ट मी वेगळ्या बादलीत भिजवतो,
हर्षालीचा गणवेश वेगळ्या.

वेणी शिकलो सुतळीवर.
दाराच्या कडीला तीन पदर अडकवून,
तीन रात्री.
पहिल्या दिवशी ती म्हणाली, भाऊ, हाई काय शे?
आणि शाळेच्या फाटकाशी सोडून टाकली.
आता नुसती मान हलवते, घट्ट झाली की.

माय कावीळीत गेली, ते अख्ख्या अडावदला माहीत आहे.
पप्पांचं कुणालाच नाही.
केळीच्या गाडीबरोबर दिल्लीला गेले,
मी नववीत होतो.
आधी फोन लागायचा, मग नुसता वाजायचा,
मग एक बाई हिंदीत सांगू लागली
की हा नंबर अस्तित्वात नाही.
हर्षाली त्या बाईशी दोनदा भांडली आहे.

आखाजीला उधन्याहून फुई आली.
मायच्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं.
फुईनं दुसरी घागर पुढं सरकवली,
बोलली काही नाही.
मी ती उचलून मोरीत ठेवली,
प्यायच्या पाण्याला.

जेवणं झाल्यावर म्हणाली,
पोरगीले मी लई जास.
साडीवर टिकल्या लावाले शिकी.
तू बी मोकया व्हशी.

एका बुंध्याशी एकच पील ठेवायचं,
बाकीची कोयत्यानं उडवायची,
नाहीतर घड भरत नाही.
मुकादमानं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.
रोज दोनशे-अडीचशे उडवतो मी,
हात आपोआप चालतो.
फुई बोलत होती
आणि मी माझ्या हाताकडे बघत होतो.

सकाळी हर्षालीच्या चपला सापडेनात.
अनवाणी कशी नेऊ म्हणून फुईनं खाट उलटली,
कोनाडे चाचपले, शेजारी विचारून आली.
पोरगी दारात उभी,
भर वैशाखातल्या फरशीवर,
एक पाय दुसऱ्यावर ठेवून, मग तो त्याच्यावर.
साडेदहाच्या एसटीनं फुई एकटीच गेली.
जाताना पाचशे रुपये डब्याखाली ठेवले.
चपला मला चार दिवसांनी मिळाल्या,
ज्वारीच्या कोठीत, तळाशी.
मी काही विचारलं नाही.
त्या महिन्यात भाकरीला रबराचा वास येत होता.

आता श्रावण.
कानबाईच्या रोटांचं दळण काढायचं आहे.
भाऊबंदकीतल्या प्रत्येकाच्या नावानं
सुपात सव्वा मूठ गहू.
माझी घातली.
मग हर्षालीची.
पोरींची धरत नाहीत रे, धनाकाकू म्हणाली.
मी म्हटलं, हिची धरा.
काकूनं सूप थोडं हलवलं,
दोघांच्या मुठी एकीत मिसळल्या,
आता वेगळं कोण करणार.

मग पप्पांची भरली.
भरली आणि वर धरली.
घागर भरली नव्हती ना,
मग मूठ घालायला हवी,
हिशोब तर सरळ आहे.
पण माणूस खरंच कुठंतरी असेल,
दिल्लीत, एखाद्या मंडीत, पेट्या उतरवत,
आणि त्याला आमचा नंबर पाठ असेल तर?
आमचा नंबर तोच आहे.
मुद्दाम तोच ठेवलाय.

काकू वाट बघत होती.
बोटांच्या फटीतून दाणे गळायला लागले,
तशी हर्षालीनं खाली ओंजळ धरली,
एक दाणा जमिनीवर पडू दिला नाही.
भाऊ, टाक ना, म्हणाली.
मना हात दुखस.
गिरणी पाचला बंद होते.