नऊचा पाढा

शहापुरात, गल्लीच्या तोंडाला,
माझं डीटीपीचं दुकान. दहा बाय आठ.
लग्नपत्रिका, वास्तुशांत, उत्तरकार्याची कार्डं.
एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड,
वरचा गणपती मात्र दोघांत एकच.

मशीन दोन हजार आठचं.
फॉन्टचं सॉफ्टवेअर त्याहून जुनं,
नव्या कॉम्प्युटरला ते ओळखच दाखवत नाही.
फाइल उघडेपर्यंत
गिऱ्हाइकाचा चहा व्हायचा,
मुलीचं सासर सांगून व्हायचं,
नवऱ्यामुलाच्या पगारापर्यंत गोष्ट पोचायची.

"टाकून दे की," दीर म्हणाला,
"चाळीस हजारात नवा येतोय."
येतोय. खरं चाळीस हजार कुठनं येतायत?

अडिव्याप्पानं डबा उघडला.
आत धूळ अशी, की सुपात घेऊन पाखडावी.
खासबागच्या रविवारच्या बाजारातनं
त्यानं एक चिप आणलेली, सातशे रुपयाला.
कुठल्याशा बँकेच्या सर्व्हरमधनं सुटलेली,
म्हणजे हिशेबाची सवय असलेली.
"ही ह्या सॉकेटची नव्हे, अक्का.
खाचा वेगळ्या. दोन पिना उलट्या."
असं म्हणत म्हणतच ब्लेडनं
त्यानं सॉकेटचे दोन कंगोरे छाटले,
चिपच्या पोटाला नखाएवढा स्टिकर लावला,
ह्या पिनेचं बोलणं त्या पिनेला कळावं म्हणून.
पांढरी पेस्ट, साबुदाण्याएवढी.
"आगतैती," म्हणाला. होतंय.

आणि झालं.
जिथली नव्हती तिथं बसली,
कामाला लागली.
आमच्या भागात कुणाला ह्याचं नवल वाटू नये.

खरं अडिव्याप्पाचं एवढ्यावर भागत नाही.
निळ्या पडद्यावर त्यानं आकडे काढले.
नऊ ठरलेले, त्यांना हात लावता येत नाही.
वाढवायचं ते पलीकडचं:
तीनशे तेहतीस. तीनशे पन्नास.
प्रत्येक वेळी मी मनात गुणायची,
उत्तरातल्या आकड्यांची बेरीज करायची.
नऊच.
कितीही पळव, आत तेच.

तीनशे नव्वदला पडदा काळा झाला.
बीप. बीप. मग काहीच नाही.
शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.
अडिव्याप्पानं रुपयाएवढा सेल काढला,
शंभरपर्यंत मोजलं, परत बसवला.
सगळं विसरून मशीन पुन्हा पहिल्या आकड्यावर,
काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं.

तेवढ्यात मामंजी आले.
तीस वर्षं उद्यमबागेत ओतकाम केलेला माणूस.
डब्यामागच्या वाऱ्यावर तळहात धरून उभे राहिले.
"रस कमी तापला तर साचा भरत नाही.
जास्त तापला तर कास्टिंगला भोकं पडतात."
"मग?"
"मग काय. हात कळायला दहा वर्षं लागतात."

आमच्याकडे एक रात्र होती.
तीनशे अठ्ठ्याहत्तरवर ठेवून
त्याला रातभर गणितं घातली.
दूध तापत ठेवल्यासारखी मी समोर बसून.
अडुसष्ट अंश. एकोणसत्तर. परत अडुसष्ट.
पहाटे वडगावच्या बाजूनं
पहिल्या मागाचा खटका ऐकू आला,
तरी ते चालूच.
तीन हजार चारशे दोन.
तीन, चार, शून्य, दोन. नऊ.

आता फाइल चुटकीसरशी उघडते.
गिऱ्हाईक मुलीच्या गावापर्यंत येतं
तोवर प्रूफ हातात.
नवऱ्यामुलाचा पगार मला गेले चार महिने
कुणाचाच माहीत नाही.

परवा हलग्याची एक बाई आली,
नवऱ्याच्या उत्तरकार्याचं कार्ड करायला.
फोटो दिला, तारीख दिली,
आणि तो मोटार दुरुस्त करताना
शीळ कशी घालायचा ते सांगायला लागली.
पडद्यावर कार्ड तयार होतं.
मी ते बंद केलं.
"थांबा हां," म्हटलं, "मशीन जुनं आहे,"
आणि पुन्हा पहिल्यापासनं उघडायला घेतलं.