आतली खुर्ची

किटातली खुर्ची म्हणजे पाटावर पाट, नुसतं प्लास्टिक.
म्हणून मागवली रेझिनची: पिवळसर, नखाएवढी,
गादीला सुरकुती, खांद्याच्या पट्ट्यांना बक्कल,
आणि बुडाला ओतकामाचा ठोकळा.

भरमाण्णांनी चष्मा कपाळावर चढवला.
उद्यमबागेत एकतीस वर्षं साचे भरलेला माणूस.
‘रनर तसाच ठेवलाय की रे ह्यांनी!’
मग खिडकीशी नेऊन, ‘इथं हवा राहिलीय बघ.’
टाचणीच्या टोकाएवढं भोक. मला दिसलं नव्हतं.

पाण्यात बुडवून घासली, भुकटी छातीत जाऊ नये म्हणून.
तरी बसेना.
विमानाच्या पोटाची भिंत आतून खरवडत नेली,
इतकी पातळ, की पलीकडची बोटं दिसायला लागली.

सांबऱ्याहून एक विमान टिळकवाडीवरून गेलं.
दोघांनीही वर बघितलं नाही.

दोन्ही अर्धुकं जुळवली, रबरबँड घातला.
आता खुर्ची दिसते म्हटलं तर दिसते,
टॉर्च मारून, एक डोळा मिटून.

‘आतलं कोण बघणार?’ मी म्हटलं.
ते बोटावरचं फेविक्विक सोलत होते.
‘पंपाच्या पोटात तरी कोण बघायचं?
पाणी.’

मग म्हणाले, आण ती टॉर्च इकडं.