कणी

दारावर पाटी आहे, तरी मी तोंडानं विचारतोच:
अंगात लोखंड? पट्टी, स्क्रू, छर्रा, कधीकाळचं ऑपरेशन?
नाही, नाही, नाही, म्हणाल्या द्वारका शिवलकर,
राहणार मिरकरवाडा, रत्नागिरी, वय चौसष्ट,
उजवं मनगट दुखतं, सुपारी कातरता येत नाही.
बांगड्या साबण लावून उतरवल्या.
केसांतले आकडे मी मोजून घेतले. सात.
पालथं झोपा, उजवा हात डोक्यावर, म्हटलं
तेव्हा जरा थबकल्या.
"डोक्यावर घ्यायलाच हवा?"

मग यंत्र ठोकायला लागलं,
बंदरात होडीच्या फळ्यांत खिळे ठोकतात तसं.

माणूस म्हणजे बहुतेक पाणीच.
मी पाण्याला हाक मारतो
आणि कुठून ओ आली ते टिपून ठेवतो.
पगार त्याचाच.
पण शेजारी लोखंड असलं
की पाणी भलत्याच जागेवरून ओ देतं
किंवा देतच नाही.

पडद्यावर, अंगठ्याच्या मुळाशी,
भोक. पिकल्या रातांब्याएवढं, काळंकुट्ट,
एका कडेला पांढरी धग,
आणि बाजूची हाडं वाकलेली,
भरतीच्या पाण्यात वल्हं वाकतं तशी.

थांबवलं. बाहेर घेतलं. एक्स-रेला पाठवलं.
एक्स-रे सरळ माणूस, असेल तेवढंच बोलतो:
तांदळाची कणी.
शिलाई मशीनच्या सुईचं टोक.

"ती होय," म्हणाल्या.
"सतराव्या वर्षी. शाळेचे गणवेश शिवायचे मी,
जून तोंडावर आलेला, हात भरभर.
मोडली ती आतच राहिली.
मालक म्हणाला, सुई रक्तात फिरते,
फिरत फिरत एक दिवस काळजात जाते."

डॉक्टर म्हणाले, इतकी जुनी, मांसात रुजलेली, घ्या सावकाश.
मी पद्धत बदलली, काप पातळ केले,
रातांब्याचं करवंद झालं.
त्याहून लहान होईना.

मांडवीच्या काळ्या वाळूत आम्ही पोरं
फुटक्या रेडिओचं लोहचुंबक फिरवायचो.
त्याला केस यायचे. धुतले, फुंकले, चड्डीला पुसले,
जायचे नाहीत.
बापाच्या हत्यारांच्या पेटीत ते अजून आहे,
दाढी वाढलेलं.

त्यांनी चष्मा लावून पडदा पाहिला.
"म्हणजे ही हललीच नाही?"
"नाही."
"सत्तेचाळीस वर्षं?"
"हललीच तर एखादं सूत."
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
"हात वर घेऊन झोपले नाही कधी,
म्हटलं, तिला उतार मिळेल.
पोरीचं लग्न घाईनं उरकलं.
भांडणं त्याच रात्री मिटवली."
मग हसल्या.
"त्या मालकाला सांगायला हवं होतं.
पण तो गेला केव्हाच. काळजानंच."

रिपोर्टात लिहिलं गेलं:
धातूच्या सावलीमुळे या भागाबद्दल सांगता येत नाही.

आकडे परत दिले, बांगड्या काही चढेनात.
रिक्षा येईपर्यंत त्या बाहेरच्या बाकावर बसल्या,
उजवा हात डोक्यावर ठेवून.
येणारेजाणारे थांबून विचारत होते,
काय झालं बाई, कोण गेलं?