किटलीतला समुद्र

हिचिनला आल्यापासून
किटलीच्या बुडाला पांढरा थर धरतो.
घासला, तरी महिन्याभरात पुन्हा.
चहावर तवंग, तो वेगळाच.

"खडू," प्लंबर टेरेन्स म्हणाला,
"गावाखाली सगळा खडूच आहे.
पाऊस त्यातून झिरपत तुमच्या नळाला येतो."

आणि खडू कशाचा?

त्यानं खांदे उडवले. पाच वाजत आले होते.

रात्री वाचत बसले:
नऊ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता,
डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची कवचं
तळाशी पडत राहिली,
कुणी न मोजता.

किटलीत व्हिनेगर ओतलं.
फसफसत बुडबुडे वर आले,
त्यांनी कधीतरी पाण्यातून उचललेला वायू
इतक्या दिवसांनी सुटा.

बाहेर कडाक्याची थंडी होती.
तरी मी खिडकी
जराशी उघडून दिली.