जोडी

मांजरसुंब्यापर्यंत गाडीला काही होत नाही.
पुढं घाट उतरतो,
आणि पहिल्या वळणावर ब्रेक दाबला की
दादांची फियाट डावीकडं ओढते,
जत्रेत खेळण्यांच्या दुकानापाशी
पोर हात ओढतं तशी.

अंबाजोगाईत गौस मिस्त्रीनं
जॅक लावला तो उजवीकडं.
मी म्हणलं, अहो, ओढती डावीकडं,
उजवं चाक कामून खोलता?
"डावी अपना काम कर रई, बाई.
उजवी नै करती."

ड्रम निघेना.
लाकडाचा ठोकळा धरून तो चहूबाजूंनी ठोकत राहिला,
बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसं, कान देऊन.
निघाला तेव्हा मी धूळ फुंकायला वाकले.
त्यानं कोपरानंच मला मागं सारलं.
"फूँको मत. छाती में बैठती."
ओल्या फडक्यानं टिपून घेतली सगळी.

आत दोन काळ्या चंद्रकोरी,
नुकतंच डोक्याला तेल चोपडल्यासारख्या.
वर, सिलिंडरच्या रबरी टोपीखाली
एक थेंब
पडावं की नाही या विचारात.

मला बाटली आठवली.
दर महिन्याच्या एक तारखेला
दादा बॉनेट उघडून ब्रेक ऑइल घालायचे, दोन झाकणं.
"पिते थोडं," म्हणायचे.
पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं
कालव्याच्या गळतीचे तक्ते भरलेला माणूस,
निळ्या शाईत, दशांशासकट.
हे कुठं जातं, ते मात्र
कधी वाकून बघितलं नाही.

नवे घ्या, गौस म्हणाला.
मी म्हणलं, धुऊन बघा आधी.
धुतले पेट्रोलनं.
घासले पॉलिश पेपरनं, पांढुरके पडेस्तोवर.
दिवसभर वाळवले. तरी मी हट्ट धरला
म्हणून संध्याकाळी पकडीत धरून स्टोव्हवर भाजले.
निळसर धूर सुटला.
शेजारच्या रसवंतीवाल्यानं चरक थांबवून विचारलं,
"काय जाळायलाव, मिस्त्री?"
गौसनं माझ्याकडं बोट केलं.

गार झाल्यावर शू कोरडे, निरागस.
गावात दोन चकरा मारल्या, गाडी सरळ थांबली.
मी त्याला पेढे दिले.
त्यानं खाल्ले नाहीत, कागदात गुंडाळून खिशात ठेवले.

घाटात तिसऱ्या वळणावर
ड्रम तापला
आणि परत डावीकडं.

"पी गया सो पी गया," गौस म्हणाला.
"ऊपर से पोंछते अपन.
गरम हुआ के अंदर का बाहर आता."
मग पेढे काढले खिशातून, एक मला दिला.

आधी गळती बुजवली, नवे रबर घातले.
मग पुढच्या चाकांचे चारही शू
पोत्यात बांधून कंडक्टरच्या हाती लातूरला,
सोपान लोहारेंकडं लायनर बदलायला.
डावीकडचे तर चांगले होते, मी म्हणलं,
त्यांचा काय गुन्हा?
"गुन्हा नै, बाई. जोडी है."

आता घाट सरळ उतरते.
माझाच पाय अजून भितो,
डावीकडच्या ओढीसाठी
हात आपोआप उजवीकडं वळतात
आणि गाडीच बिचारी दचकते.

जुना लायनर मागून घेतला एक.
खिडकीत ठेवलाय, खाली वर्तमानपत्र.
दुपारी बाराचं ऊन आलं की
कागदावरचा डाग वाढतो,
असेल एखादा मिलिमीटर, कमीच.
मी पेन्सिलीनं त्याची कड आखते.
तारीख घालते.